मागच्या सीटचा धक्का

गाडी बिघडली म्हणून जो कोणी गॅरेजमध्ये येतो, तो आधी बोनेट उघडतो. तुम्हीही तेच कराल. इंजिनातलं काही कळत असो वा नसो, आत बोट दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही. करावे गावच्या त्या काकांनी मात्र मागचं दार उघडलं आणि मला म्हणाले, "मिस्त्री, तुमी आधी इथं हात ठेवा."

मागच्या सीटवर त्यांची मुलगी आडवी होती. वय बावीस, अंग दहा-बारा वर्षांच्या पोरीएवढं. मनगटं आत वळलेली, मान एका बाजूला कललेली, नजर गाडीच्या छताला. जन्मापासून तशीच. तिच्या डोक्याखाली चादरीची घडी होती आणि काका मला त्या घडीशेजारी तळहात टेकवायला सांगत होते. मी टेकवला. त्यांनी पुढे जाऊन गाडी चालू केली. काही झालं नाही. गाडी गप्प उभी राहिली, मग इंजिन हळूच चालू झालं.

"कुठे काय करते?"

"आता नाय करनार. गरम हाय ना. कराव्यावरून तुमच्यापर्यंत येईस्तोवर गरम होते," काका म्हणाले. "थंड असली की धक्का मारते. इंजिन उठतं ना, तवा."

मी मनात म्हटलं, हा माणूस आपला दिवस खाणार.

नवी मुंबईत, जुईनगरला माझं छोटं गॅरेज आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स, एवढंच काम मी घेतो. बॅटरी आणि पेट्रोल अशा दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाड्या माझ्याकडे येतात त्या बहुधा खूप पळून दमलेल्या. काकांची गाडी पूर्वी कुठल्याशा कंपनीच्या साहेबांना आणायला-सोडायला होती. पावणेतीन लाख किलोमीटर झाली होती. एवढी पळालेली गाडी कशाला घेतलीत, असं मी सहज विचारलं, तर काका तिथेच टायरवर बसून सांगायला लागले.

बायची आई गेली तेव्हा बाय अठरा वर्षांची. पोरीला ते बायच म्हणायचे. घरात ते, त्यांची विधवा बहीण, म्हणजे बायची आत्या, आणि बाय. बायला झोप अशी नव्हतीच. अंग ताठ व्हायचं, ओरडायची, आणि ओरडता ओरडता आकडी यायची. रिक्षात बसवलं की ओरडणं दुप्पट. एकदा हॉस्पिटलातून परतताना भाड्याची अशीच एक हायब्रिड गाडी मिळाली. सिग्नलला थांबली की बंद, निघाली तरी आवाज नाही. सीवूड्सच्या पुढे गेल्यावर काकांनी मागे वळून पाहिलं, तर बाय झोपलेली.

"मी ड्रायव्हरला बोललो, बाबा, थांबू नको. अजून एक चक्कर मार."

मग सहा महिने शोधून त्यांनी त्याच जातीची गाडी घेतली. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास बायला उचलून मागे ठेवायचं आणि खाडीच्या कडेच्या रस्त्याने तीसच्या वेगाने बेलापूरला जाऊन परत यायचं. मागून लोक हॉर्न मारायचे, शिव्या द्यायचे. काका हात वर करून सगळ्यांची माफी मागायचे. दीड तास बाय झोपायची. तेवढ्या वेळात घरी आत्या आंघोळ करायची आणि बसून जेवायची.

आणि दोन महिन्यांपासून ही गाडी धक्का मारत होती. दिवसभर उभी असली की पहिल्यांदा इंजिन उठताना सगळी गाडी हादरायची. बाय दचकून ताठ व्हायची आणि तिथेच, रस्त्यावर, तिला आकडी यायची. दोन गॅरेजवाल्यांनी स्कॅनर लावून काही नाही म्हणून परत पाठवलं होतं.

मी गाडी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केली आणि काका म्हणत होते तो धक्का मला मिळाला. धक्का कसला, गचके. गिअरबॉक्सच्या बाजूने खडखड असा आवाज. अर्ध्या मिनिटात सगळं शांत. स्कॅनरवर काही नाही. मला वाटलं, सापडलं. एवढ्या पळालेल्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथल्या स्प्रिंगा ढिल्या होतात, हे मी पाहिलेलं होतं.

"गिअरबॉक्स गेला, काका."

"गिअरबॉक्स कसा?" ते म्हणाले. "चालताना तर काय नाय करत. गिअरबॉक्स गेला तर चालताना करनार ना? ही फकस्त उठताना करते."

मी त्यांना समजावलं. म्हणजे काय, ऐकून घेतलं नाही. वीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला एक शेतकरी-कोळी घरातला म्हातारा गिअरबॉक्स शिकवणार, असं काहीसं माझ्या आवाजात आलं असावं. ते म्हणाले, "मंग आता?"

हे त्यांचं नेहमीचं. कुणी काही सांगितलं, डॉक्टरने, मी, कुणीही, की ते थोडा वेळ ऐकलेलं आत जाऊ द्यायचे आणि विचारायचे, "मंग आता?" त्यात राग नसायचा. पुढची पायरी कुठे आहे, तेवढी दाखवा, असं ते विचारणं असायचं.

नावड्याच्या बाजूला जुने पार्ट विकणारे आहेत. तिथून दुसरा गिअरबॉक्स मिळवायला, खाली उतरवायला, चढवायला नऊ दिवस गेले. नऊही दिवस काका सकाळी यायचे. बसायचे नाहीत. गाडी जॅकवर होती, तिच्याकडे बघत उभे राहायचे आणि जाताना सांगायचे, "काल चार वेला आली." दुसऱ्या दिवशी, "काल पाच." पोरीच्या आकड्या ते मला मोजून सांगत होते. मला घाई करा असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

सातव्या दिवशी त्यांच्या हातावर दातांचे वण दिसले. मी बघतोय हे पाहून त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली. "आकडीत जीभ चावते. मी हात घातला," ते म्हणाले. "डॉक्टर बोलतो घालू नको. मंग काय बघत बसू?"

नवव्या दिवशी दुपारी गाडी तयार झाली. मी चक्कर मारून आणली, लोण्यासारखी चालली, आणि काकांनी माझे दोन्ही हात धरले. मीही खूश होतो. गाडी गरम होती, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडायला गेलो तर काका शटरपाशी उभे. गाडी नव्हती, एकटेच. बस पकडून आले होते.

"तशीच करते, मिस्त्री."

मी कुलूप हातात धरून उभा राहिलो. चांगला गिअरबॉक्स मी काढून टाकला होता आणि पोरीचे नऊ दिवस घेतले होते. काका शटरच्या पायरीवर बसले. या वेळी ते "मंग आता" म्हणालेच नाहीत. बराच वेळ वाट पाहिली मी, ते शब्द यावेत म्हणून. मग मीच म्हटलं, "चला, तुमच्या घरी जाऊ. गाडी थंड आहे तोवर."

कराव्यात त्यांचं घर गल्लीच्या आत होतं. खाली त्यांची खोली, वर भाडेकरू. अंगणात गाडी उभी होती, आदल्या संध्याकाळपासून कुणी हात लावलेला नव्हता. मी आधी इंजिनाच्या पाण्याची टाकी बघितली. हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. पाणी खुणेच्या खाली दोन बोटं.

"पाणी कमी होतं का हो, काका?"

"होतं की. मी टाकतो ना. पंदरा-वीस दिसांनी. गारीला पानी लागतंच."

"मला बोलला नाहीत!"

"तुमी इचारलं नाय."

खरंच विचारलं नव्हतं. मी चारही प्लग काढले. तीन कोरडे, काळसर. तिसऱ्या सिलिंडरचा ओला. आत बारीक कॅमेरा सोडला तर बाकीच्या पिस्टनांवर काजळी आणि तिसरा घासलेल्या भांड्यासारखा लख्ख. पाण्याने धुतला गेलेला. इंजिनाच्या वरच्या भागाखाली जे पॅकिंग असतं ते तिथे फाटलं होतं. गाडी उभी असली की थेंब थेंब पाणी आत उतरायचं, चालू करताना तो सिलिंडर पेटायचा नाही आणि सगळं इंजिन लंगडत गिअरबॉक्सवर आदळायचं. खडखड तिथून ऐकू यायची, दुखणं इथे होतं. काका पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते, फक्त उठताना करते.

मी हे त्यांना सांगत असताना आतून ओरडणं ऐकू आलं. काका धावले, मीही मागोमाग गेलो. खोलीत खाट नव्हती. जमिनीवर गाद्या आणि भिंतींना माणसाच्या कमरेइतक्या उंचीपर्यंत गोधड्या ठोकलेल्या, डोकं आपटू नये म्हणून. आत्याने बायला कुशीवर धरलं होतं. काका गुडघ्यावर बसले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन तोंडाने हलकीशी 'हूं' अशी घुमवत राहिले. गाडी बॅटरीवर चालते तेव्हा येतो तसा आवाज. नऊ दिवस गाडी नव्हती तेव्हा हा माणूस तोंडाने गाडी चालवत होता.

आकडी थांबल्यावर आम्ही अंगणात आलो. काकांनी गाडीला पाठ टेकली.

"मिस्त्री, परवा मला वाटलं, हिला घेऊन खाडीत जावं. दोघांनी. मी चपला पन घातल्या होत्या." ते माझ्याकडे बघत नव्हते. "बहीन दारात उभी राहिली. नुसती उभी राहिली."

मी म्हटलं, "सहा दिवस द्या मला. फक्त सहा. आणि रोज संध्याकाळी मी माझी गाडी घेऊन येतो, तीत नेऊ तिला."

माझी गाडी साधी होती, आवाज करणारी. बाय तिच्यात एकदाही झोपली नाही. पण मी सहाही दिवस गेलो. आत्या मागे पोरीला धरून बसायची, काका पुढे बसून घुमवायचे. दिवसा गॅरेजमध्ये मी इंजिनाचा तो वरचा भाग उतरवला, घासून सपाट करून आणला, नवीन पॅकिंग बसवलं. धूर परत इंजिनात फिरवणारी नळी काजळीने बुजली होती, तीही मोकळी केली. सातव्या दिवशी मी गाडी कराव्यात नेली आणि या वेळी दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

थंड गाडीत बायला ठेवलं. मी पुढे स्कॅनर मांडीवर घेऊन बसलो. काकांनी स्टिअरिंग हातात घेतलं. गल्लीतून बाहेर पडलो, मोठ्या रस्त्याला लागलो. काका समोर बघत कुजबुजले, "अजून उठलं नाय का इंजिन?"

"दोनदा उठलं, काका."

त्यांनी आरशात मागे पाहिलं. बायचे डोळे मिटले होते. काकांनी गाडी कडेला घेतली, थांबवली आणि तोंडावर टॉवेल धरून रडले. आवाज बाहेर येऊ दिला नाही. पोर जागी झाली असती.

पुढचे आठ महिने ती गाडी माझ्याकडे फक्त ऑइलला आली. मग एका दुपारी काका आत्याला घेऊन आले. ते निम्मे झाले होते. फुप्फुसात गाठ होती, पसरली होती. डॉक्टरने महिन्यांचा हिशोब सांगितला होता.

"मिस्त्री, हिला गारी शिकवा," ते म्हणाले.

आत्या पन्नाशीची. आयुष्यात सायकल चालवलेली नव्हती. तीन आठवडे रोज दुपारी मी तिला शिकवलं. काका मागच्या सीटवर, बायच्या जागी आडवे व्हायचे आणि तिथून सांगायचे, "आता ब्रेक जोरात दाबला तू. बाय जागी झाली असती. परत." खोकायचे आणि परत म्हणायचे, "परत." आत्या पदराने डोळे पुसत गाडी चालवायची. लायसन्स मिळालं त्यानंतर काही दिवसांतच काका गेले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी आत्या एकटी गाडी घेऊन गॅरेजवर आली. बायला शेजारणीपाशी ठेवलं होतं.

"भाऊ, गारी बघा. परत काहीतरी झालंय. बाय झोपत नाय गारीत. निघालो की रडते ती घरी येईस्तोवर."

मी गाडी ठेवून घेतली. थंड होऊ दिली. पाणी बघितलं, प्लग काढले, चारही सिलिंडरांत कॅमेरा घातला, खाली झोपून इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे रबर एकेक हलवून बघितले. स्वतः मागच्या सीटवर डोकं टेकून पडलो आणि शेजारच्या दुकानदाराला गाडी चालवायला लावली. काहीतरी सापडावं म्हणून मी जीव तोडून शोधत होतो. तसा मी आयुष्यात कुठल्या गाडीत बिघाड शोधला नाही. गाडी निर्दोष होती.

दुसऱ्या दिवशी आत्याला सांगितलं.

"काहीतरी बदला ना," ती म्हणाली. "असंल काय पन. बदला."

"बदलण्यासारखं काही नाही, आत्या."

तिने मान हलवली. गाडीत आता कोण नाही, ते तिला आधीच ठाऊक असावं. ती गाडीत बसली तेव्हा माझं लक्ष गेलं, ती सीटच्या अगदी कडेवर बसली होती, पाय कसेबसे पुरत होते आणि पाठीमागे दोन उशा कोंबल्या होत्या. काका उंच होते. शिकवताना सीट मीच पुढे घेऊन दिली होती. ती परत मागे, काकांच्या जागेवर, नेलेली होती. मी वाकून म्हटलं, "थांबा, पुढे सरकवून देतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "पाच वाजायला आले, तिला न्यायचंय."

रस्त्याला लागण्यापूर्वी ती इंडिकेटर लावून बराच वेळ थांबली. बस गेली, दोन टेम्पो गेले. मग जागा मिळाल्यावर तिने गाडी हळूच, जराही हिसका न देता रस्त्यावर घेतली.