दुसरा ब्रेक

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की तो दाबायचा. बाबांचा पाय त्याला इतका सरावला होता की टॅक्सीत, बसमध्ये, कुठेही बसले तरी वेग वाढला की पाय आपोआप खाली जायचा. मामाने नवी गाडी घेतली तेव्हा तो म्हणाला होता, "भावोजी, जरा बेतानं. तळाला भोक पडेल."

सगळे त्यांना चाळीस मास्तर म्हणत. वस्तीत काटा चाळीसच्या पुढे सरकला की ते गाडी कडेला घ्यायला लावत, चावी काढून घेत आणि शिकणाऱ्याला पाच मिनिटं रस्त्यावर उभं करत. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," म्हणत. "येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे नीट बघ. यातल्या कोणाला उडवायचं ते ठरव, मग निघू." बडे साहेब, कॉलेजच्या पोरी, दातांच्या डॉक्टरीणबाई, सगळे तिथे मान खाली घालून उभे राहिले आहेत. त्यांची पोटची मुलगी म्हणून मलाही सूट मिळाली नव्हती.

आई गेली तेव्हा मी नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात होते. दुपारी तिच्या छातीत दुखू लागलं. अँब्युलन्सला अर्धा तास लागणार होता, म्हणून बाबांनी तिला शिकाऊ गाडीच्या मागच्या सीटवर झोपवलं आणि स्वतःच नेलं. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. डॉक्टर मामाला सांगत होते, "दहा मिनिटं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं." मामाने कपाळावर हात मारला. "हा माणूस तेव्हासुद्धा चाळीसनेच गेला असणार," तो म्हणाला. बाबा समोरच्याच बाकावर होते. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

बारा वर्षं मी ते मनात ठेवलं. घरी परत येऊन त्यांचं खाणंपिणं, औषधपाणी, सगळं केलं, पण अढी गेली नाही. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून लोक त्यांचं कौतुक करायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बायको मागे तळमळतेय आणि यांना काटा दिसतोय, याला तत्त्व म्हणायचं? मला ते दगडाचं काळीज वाटायचं.

परवा त्यांचे डोळे तपासून आणले. परतताना मला ऑफिसला उशीर होत होता. बाजाराच्या रस्त्यावर मी सत्तर गाठले. बाबांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, त्यांना समोरचं धड दिसत नव्हतं, तरी पाय खाली गेलाच. मग आणखी खाली गेला.

"इथे ब्रेक नाहीये, बाबा," मी म्हणाले. आणि इतकी वर्षं दाबलेलं तोंडातून निघून गेलं. "त्या दिवशी हा पाय जरा आवरला असतात, तर आई आज असती."

"गाडी कडेला घे," ते म्हणाले.

मी घेतली. जुन्या सवयीने चावी काढून त्यांच्या हातात दिली.

"त्या दिवशी मी नव्वदने गेलो होतो," ते म्हणाले.

"नव्वदने?" मी विचारलं.

"पुढच्या वळणावर एक बाई रस्ता ओलांडत होती. गाडी थांबली ती नशिबाने. तिच्यात आणि बंपरमध्ये वीतभर अंतर राहिलं. तिची पिशवी पडली, कांदे गाडीखाली घरंगळले आणि ती मटकन खाली बसली. मला क्लच दाबता येईना. मागून तुझी आई म्हणाली, 'अहो, उतरा. आधी त्या बाईंना उठवा. त्यांचे कांदे उचलून द्या.'"

"मग?"

"दिले उचलून. बाईंना धरून फुटपाथवर बसवलं, पाणी दिलं. परत आलो तर तुझी आई म्हणाली, 'आता हळू चला.' ते शेवटचं बोलली." त्यांनी चावी मुठीत घट्ट धरली. "त्या सगळ्यात दहा-पंधरा मिनिटं गेली. चाळीसने गेलो असतो तर वेळेवर पोचलो असतो."

मला रडू आवरेना. "मला आधी का नाही सांगितलंत? मी बारा वर्षं भलताच राग धरून बसले."

"तुम्ही सगळे हळू चालवल्याचा दोष देत होतात," बाबा म्हणाले. "तो मला पेलत होता. हा पेलला नसता."

ऑफिसचा फोन वाजत होता. मी तो बंद केला, गाडीतून उतरले आणि कडेला उभी राहिले. बाबांना सांगावं लागलं नाही. बाजार भरात होता, माणसं ये-जा करत होती. मी एकेकाकडे बघत होते. पाच मिनिटांनी परत येऊन बसले, तेव्हा त्यांनी चावी पुढे केली.