कवळीवाले नाना आणि जपानी मोटार

नानांना माणसाच्या तोंडाची किळस होती, आणि त्यांची सगळी हयात माणसांच्या तोंडात बसवायचे दात करण्यात गेली.

डॉक्टरांनी मऊ मसाल्यात पेशंटच्या जबड्याचं माप घेतलं की ते ओलं, लाळेनं बुळबुळीत झालेलं माप मी आतल्या खोलीत नेऊन द्यायची. नाना ते हातात घेत नसत. चिमट्यानं पकडत, नळाखाली धरत, मान फिरवून उभे राहत आणि म्हणत, "शी! तंबाखू. वीस वर्षांची तंबाखू. ह्या माणसाच्या बायकोला माझा नमस्कार सांगा."

ही सत्तर सालाच्या आगेमागची गोष्ट. जळगावला नवी पेठेत एका दातांच्या डॉक्टरांकडे मी केसपेपर लिहायला होते. तिशी उलटली होती, लग्नाचा विषय घरात कुणी काढत नव्हतं आणि नोकरी बरी चालली होती. बरी म्हणजे काय, दिवसभर थुंकीची भांडी, कापसाचे बोळे आणि मिसरीचा वास. मलाही पहिले सहा महिने जेवण जात नव्हतं. पण मी सवयीनं निर्ढावले. नाना पन्नाशीला आले तरी निर्ढावले नाहीत. रोज सकाळी पहिलं माप बघताना त्यांचा चेहरा नोकरीच्या पहिल्या दिवशी असावा तसाच व्हायचा.

त्यांची किळस फक्त तोंडापुरती नव्हती. बशीत ओतून फुरके मारत चहा पिणारा कुणी आला की ते उठून बाहेर जात. ओला टॉवेल खांद्यावर टाकणारा माणूस, बोट ओलं करून कागद उलटणारा कारकून, सोललेल्या केळ्याचं साल टेबलावर ठेवणारा कंपाउंडर, सगळ्यांना एकच शब्द, "शी!" एकदा मी संक्रांतीचा तिळगूळ पुढे केला तर त्यांनी लाडवाकडे न बघता माझ्या नखांकडे बघितलं. मी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी केसपेपर लिहिताना माझंच लक्ष गेलं. नखांत शाई होती.

पण घाणीपेक्षाही त्यांना जास्त किळस यायची ती गलथान कामाची. शिंदखेड्याकडचे एक म्हातारे शेतकरी कवळीसाठी आले होते. नानाही मूळचे तिकडचेच. त्यांनी ती कवळी तीनदा मोडून पुन्हा केली. डॉक्टर म्हणाले, "अहो, चालेल एवढी." नाना म्हणाले, "तुम्हाला चालेल. खायचं त्यांना आहे." चौथ्या वेळी म्हाताऱ्यांनी तिथेच खिशातले फुटाणे तोंडात टाकले, कडकड फोडले आणि सगळं झकास झाल्याच्या खुशीत ओरडले, "नाना, बठ्ठं बेस शे!" आणि फुटाण्यांच्या चुऱ्याने भरलेल्या हातांनी त्यांनी नानांचे दोन्ही हात धरले. नाना हसले. मग पंधरा मिनिटं नळाशी होते.

त्याच वर्षी डाळमिलवाले भागचंदशेठ दवाखान्यात आले. त्यांची कवळी नानांनीच केलेली, त्यामुळे ते डॉक्टरांना ओलांडून थेट आतल्या खोलीत आले. काखेत कापडात गुंडाळलेला पुठ्ठ्याचा खोका होता. झाकणावर एका पांढऱ्या मोटारीचं चित्र होतं. जमिनीला टेकेल इतकी बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी शर्यतीची मोटार. भोवती जपानी अक्षरं.

शेठजींचा मुलगा अशोक मिलची यंत्रं बघायला सहा महिने जपानला गेला होता, हे गावाला माहीत होतं. परत आल्यावर त्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तो गेला, हेही माहीत होतं.

"नाना, तुमचा हात बारीक आहे," शेठजी म्हणाले. "एवढी पुरी करून द्या."

"मी दात करतो, शेठ. खेळणी नाही."

"त्याच्या टेबलावर अर्धवट पडली होती. त्याची आई कोणाला हात लावू देत नव्हती, अन् स्वतः रोज जाऊन बघत बसायची. आज तिनंच उचलून दिली. म्हणाली, पुरी तरी करा."

नानांनी झाकण काढलं. आत प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटी होत्या आणि त्यांना गाडीचे सुटे भाग लटकलेले होते. काही भाग तोडून चिकटवलेले होते. डिंकाचे ओघळ वाळून तारांसारखे लोंबत होते, एक दरवाजा तिरका बसला होता, चाकाजवळ बोटांचे ठसे. नानांचं नाक आक्रसलं.

"हे कोणी केलं?"

"त्यानंच."

"घाण केलीय."

मला त्या क्षणी नानांच्या तोंडात मारावीशी वाटली. पण शेठजी रागावले नाहीत. म्हणाले, "हो. फार घाईचा होता." आणि खोका ठेवून गेले.

त्यानंतर महिनाभर जेवणाच्या सुट्टीत नाना त्या मोटारीला बसले. खोक्यातली, प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या डिंकाची नळी वाळून दगड झाली होती. नानांनी ती दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकली आणि कपाटातली क्लोरोफॉर्मची बाटली काढली. बारीक कुंचल्यानं एकच थेंब सांध्यात सोडायचा, की दोन तुकडे विरघळून एक होत. अशोकने चुकीचे चिकटवलेले भाग आधी एकेक करून सोडवले. सोडवताना तोंडाचा पट्टा चालू. "हाई काय शे? उजवं चाक डावीकडे? शी! चित्र दिलंय, आकडे दिलेत, तरी?" राग आला की त्यांची गावची बोली बाहेर यायची.

जपानी अक्षर एकही कळत नव्हतं, पण चित्रं आकड्यांप्रमाणे लावलेली होती. खोक्यातली तांदळाएवढी वस्तू चिमट्यात धरून त्यांनी मला हाक मारली. "लीलाताई, बघा. आरसा आहे. एवढासा आरसा, अन् कडेला कुठे कूस नाही, खरखर नाही." मी त्यांच्या तोंडून कशाचं कौतुक पहिल्यांदाच ऐकत होते. ते फार टिकलं नाही. "अन् आपल्याकडे? खऱ्या एसटीचा आरसा सुतळीनं बांधतात. मी काल धुळ्याहून आलो, सगळ्या वाटेत तो ड्रायव्हरला स्वतःचीच मांडी दाखवत होता. शी!"

स्टिअरिंगचा तुकडा हरवला होता. नानांनी मेणात तो आकार कोरला, साचा केला आणि त्यात कवळीच्या हिरड्या करायचा गुलाबी मसाला ओतला. हिरडीच्या रंगाचं ते इवलंसं चक्र त्यांना बघवेना. काळा रंग देईपर्यंत त्यांनी ते कागदाखाली झाकून ठेवलं.

सगळ्यात शेवटी पुढची काच राहिली. तिच्या एका कोपऱ्यात डिंकाने माखलेला अंगठा टेकला होता आणि प्लॅस्टिक विरघळून अंगठ्याच्या रेघा आत रुतल्या होत्या. नाना खिडकीशी उभे होते. एका हातात चिमट्यात काच, दुसऱ्यात घासायची भुकटी लावलेला कापूस. मी म्हटलं, "पुसून टाका ना."

"पाच मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले. पण पुसलं नाही. बराच वेळ बघत राहिले, मग तोंड वाकडं करून तशीच काच गाडीला बसवून टाकली. मला वाटलं, कंटाळले.

शेठजी गाडी न्यायला आले तेव्हा बाहेर बाकावर चार पेशंट होते. नानांनी गाडी कागदावर ठेवून बाहेर आणली. पांढरीशुभ्र, दारं सरळ, चाकं फिरणारी. शेठजींनी ती तळहातावर घेतली आणि सगळीकडून बघितली. मग म्हणाले, "फार सुंदर झाली. फक्त काचेवर जरा डाग राहिला, नाना."

नाना लाल झाले. "माझ्या कामात डाग नसतो."

"नाही, रागावू नका. हा इथे..."

"अंगठा आहे तो. नीट बघा, रेघा दिसतात. माझी बोटं डिंकात बुडत नाहीत. तुमच्या पोराचा आहे. पुसायचा असेल तर आत्ता सांगा, भुकटी काढलेलीच आहे."

हे सगळं ते त्याच आवाजात बोलले, ज्या आवाजात तंबाखूबद्दल बोलत. शेठजींनी गाडी उजेडाकडे धरली. चष्मा काढला, पुन्हा घातला. "नको," एवढंच म्हणाले, आणि पेशंटांमध्ये बाकावर जागा करून बसले. नाना आत निघून गेले. तासाभराने मी आत डोकावले तेव्हाही ते हातात काही काम न घेता बसलेले होते.

पुढच्या आठवड्यात शेठाणी आल्या. डॉक्टरांकडे त्यांचं काम नव्हतं. आतल्या खोलीच्या दारात पदर सावरत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याला लहानपणापासून सगळ्याची घाई. तव्यावरची पोळी भाजू द्यायचा नाही. हातानं उचलायचा."

नाना म्हणाले, "बोट भाजत असेल."

"रोज."

एवढंच सांगून त्या गेल्या.

पुढे दोनेक वर्षांनी डॉक्टरांनी मुंबईहून कवळ्या करून आणायला सुरुवात केली. पहिली कवळी आली ती नानांनी उलटसुलट करून बघितली, पाठच्या खरखरीत कडेवर बोट फिरवलं आणि ते टेबलावरची हत्यारं पुसून पिशवीत भरायला लागले. डॉक्टर समजावत होते. नानांनी ऐकून घेतलं. "ही माझ्या टेबलावर नको," म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीने शिंदखेड्याला बहिणीकडे गेले. मुंबईच्या कवळ्या लोकांच्या तोंडात बसेनात, तेव्हा त्या घासून-दुरुस्त करायला डॉक्टरांनी मला आत बसवलं. नानांना बघून बघून मला बरंच येत होतं, हे मलाच तेव्हा कळलं.

बऱ्याच वर्षांनी त्यांना भेटायला मी शिंदखेड्याला गेले, तेव्हा ते ओट्यावर बसून दुधात कुस्करलेली भाकर खात होते. गाल बसले होते. तोंडात एकही दात नव्हता.

"नाना, कवळी?"

"स्वतःच्या तोंडाचं माप स्वतःला घेता येत नाही," ते म्हणाले. "अन् दुसऱ्याचं काम तोंडात घालायचं? शी!"

मी जळगावला परतले आणि पुढच्या रविवारी सामान घेऊन गेले. ते भांडले, शेवटी खुर्चीत बसले. मी मापाचा साचा तोंडाशी नेला तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले. कान लाल झाले होते. "फार बघू नका आत," म्हणाले.

ती कवळी मी दोनदा मोडली. तिसरी घेऊन गेले. नानांनी ती उजेडात धरली, भिंग लावून दात न् दात बघितला.

"डावीकडची दाढ केसभर उंच आहे."

होती. मी तिथेच घासून दिली. त्यांनी ती धुतली, पुन्हा धुतली आणि भिंतीकडे तोंड करून आत बसवली. बराच वेळ त्यांची पाठच दिसत होती. मग त्यांनी आत बहिणीला हाक मारली, "अक्का, भाकर आन. कोरडीच आन."