कनकाचं परस्थान

कनकाअक्काची पिशवी आमच्या घरी ठेवायची असं ठरलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवून मला बजावलं, "प्रमोदिनी, त्यांच्या भांडणात पडू नकोस." मी म्हटलं, "भांडण आहे कुठे? त्या घरात कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही." आणि तेच वाईट होतं. भांडणाऱ्या माणसांचं मला कधी भय वाटलं नाही. आमच्या सांगलीकडे लोक मीठ मागायचं तरी भांडूनच मागतात. गप्प बसणाऱ्यांपुढे मात्र माझी बोबडी वळते.

साल त्रेसष्ट. मद्रासमध्ये वेस्ट मांबलमला आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालक शेषगिरीराव, त्यांची आई त्रिपुरसुंदरीअम्मा आणि धाकटी बहीण कनका. ही तंजावरची मराठी माणसं. पूर्वज तीनशे वर्षांमागे देशावरून आलेले. घरात मराठी बोलायची आणि राग आला की तमिळमध्ये शिरायची. मी पहिल्यांदा खाली हळदीकुंकवाला गेले तेव्हा अम्मा माझं बोलणं ऐकून पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "ही पोर पेपर वाचल्यागत बोलते की गे!" त्यानंतर माझं नाव 'देशावरची' असंच पडलं.

कनकाअक्का रुळांपलीकडे त्यागरायनगरात मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. वय चाळिशीला टेकलेलं. मंगळाच्या पत्रिकेमुळे लग्न राहिलं. आधी स्थळं येईनाशी झाली, मग ती विचारीनाशी झाली. उंच, खळ घातलेलं सुती पातळ, बोटांना सदा खडू. फळ्यावर एखादी मुलगी चुकली तर ती मध्ये बोलायची नाही. मुलीला शेवटपर्यंत चुकू द्यायची आणि मग विचारायची, "वाट कुठे सोडलीस?" तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आकड्यांना घाबरत नाहीत असं सगळं मांबलम म्हणायचं. घरी मात्र ती सकाळी अण्णाचा, म्हणजे शेषगिरीरावांचा, डबा, संध्याकाळी अण्णाची कॉफी आणि मध्ये अम्मांची औषधं एवढ्यातच फिरायची. शेषगिरीराव विधुर होते, मूलबाळ नव्हतं. बहीण घरात आहे हे त्यांना भिंत घरात आहे तितकंच सवयीचं झालं होतं.

त्या वर्षी आदिस अबाबाच्या एका शाळेसाठी मद्रासला मुलाखती झाल्या. त्या शाळेत ग्रीक, आर्मेनियन, इटालियन, हबशी आणि आपलीही मुलं एका बाकावर बसायची आणि शिक्षक मागवायचे ते हिंदुस्थानातून. कनकाअक्का कुणाला न सांगता मुलाखतीला गेली आणि निवडली गेली. तीन वर्षांचा करार. मी विचारलं, "अक्का, एवढ्या लांब कशाला गं?" ती म्हणाली, "एकदा अशा वर्गात उभं राहायचं आहे, जिथे मी कुणाचीच बहीण नाही."

बातमी कळल्यापासून शेषगिरीराव 'नको' म्हणाले नाहीत. ते नुसते खोकायचे. "माझं काय, मी हॉटेलात जेवीन. अम्माचं तेवढं पाहा," म्हणायचे. अम्मा तर तेही बोलल्या नाहीत. तीन आठवडे त्यांनी त्या विषयावर अक्षर काढलं नाही. कनकाअक्का मला म्हणाली, "अम्मा 'नको' म्हणाली तर मी जाणार नाही. पण तिने तोंडाने म्हणावं." अम्मा म्हणत नव्हत्या आणि जा असंही म्हणत नव्हत्या. मला वाटायचं, कुणीतरी एक थाळी तरी आपटा रे.

मुंबईची आगबोट चुकू नये म्हणून गाडी शुक्रवारचीच धरायला हवी होती आणि शुक्रवारी पश्चिमेला जाणं अशुभ. यावर आपल्याकडे तोड आहेच. आदल्या चांगल्या दिवशी सामानातली एक पिशवी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. मग माणूस त्या वेळीच निघाला असं धरतात. आमच्याकडे त्याला पस्ताना म्हणतात, तंजावरकर परस्थान म्हणतात. एकदा ठेवलेली पिशवी मात्र घरी परत आणायची नाही. आणली की प्रवास मोडला.

गुरुवारी सकाळी कनकाअक्का पिशवी घेऊन वर आली. आत एक पातळ, नारळ, हळदीचे तांदूळ, आणि पासपोर्ट नि तिकीटसुद्धा. घरात ठेवायची तिला भीती वाटत होती. समोरच्या नारायणस्वामींकडे तिने ठेवली नाही, कारण ते शेषगिरीरावांच्या कचेरीतले स्नेही. अण्णाने एक शब्द टाकला की ते पिशवी देऊन मोकळे झाले असते.

"कुणाला देऊ नकोस," ती म्हणाली. "अण्णाला तर नाहीच."

"आणि अम्मांनी मागितली तर?"

जिन्यावर एक पाय खाली टाकलेला, ती तशीच थांबली. "अम्माने मागितली तर दे. तें तिचं 'नको' असेल." मग ती शाळेत शेवटच्या दिवसाला गेली.

मी पिशवी देवघरात समईशेजारी ठेवली आणि स्वयंपाकाला लागले. लक्ष सगळं जिन्याकडे. पहिल्यांदा शेषगिरीराव आले ते हसत.

"वैनी, पिशवीत कुंकवाचा करंडा घालायचा राहिला की. द्या, खालून घालून आणतों."

"करंडा इकडे द्या, मी घालते."

ते हात हलवत खाली गेले. करंडा काही वर आला नाही.

दुपारी पुन्हा आले. त्यांनी कचेरीतून रजा घेतली होती हे मला तेव्हा कळलं. आता म्हणे पासपोर्टचा नंबर हवा. माझ्या तोंडाला येईल ते मी सांगितलं, "पिशवी सोवळ्यात आहे, मी ओवळ्यात आहे. हात लावता येत नाही." सोवळ्याचा मला आयुष्यात एवढा उपयोग कधीच झाला नव्हता. पण या वेळी ते हसले नाहीत.

"हें आमचं घर आहे, वैनी. तुम्ही भाड्याने आहांत."

आवाज अगदी सौम्य. मांबलममध्ये मराठी शेजार असलेलं दुसरं घर कुठे मिळायचं? नवऱ्याने बजावलेलं आठवलं आणि स्वतःचाच राग आला. तरी मी दारातून हलले नाही. ते माझ्या खांद्यावरून देवघराकडे बघत राहिले आणि निघून गेले.

मग खालून त्यांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. सलग, हलक्या आवाजात. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. चोरून ऐकलं म्हणा हवं तर. "अम्मा, मला देत नाही ती. तूं मागितलीस तर देईल. तूं कांही बोलूं नकोस, नुसती पिशवी घरांत आण. कनका समजेल." अम्मांचं उत्तर ऐकू आलं नाही.

दिवेलागणीच्या सुमाराला जिन्यावर पाऊल वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. अम्मांचे गुडघे धरलेले होते. मी तिथे राहायला आल्यापासून त्या एकदाही वर आल्या नव्हत्या. मी धावले नाही. खरं सांगते, मला वाटलं, त्यांना जमू नये, त्यांनी अर्ध्यातून परत जावं. पण त्या आल्या. दाराची चौकट धरून त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, "पिशवी दे."

"अम्मा, बसा तरी."

"दे म्हणटलं."

"अम्मा, तिला जाऊ द्या हो," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. "ती तुमच्या शब्दावर राहील. तुम्ही एकदा म्हणालात की राहील, आणि मग उरलेला जन्म डबे भरील."

"ह्या घरांत ठेवायचं कुणी सांगितलं तिला?"

"तिनेच ठरवलं. माझ्यावर विश्वास म्हणून."

अम्मांनी डोळे मिटले. "गणित शिकविते म्हणे," एवढंच म्हणाल्या आणि हात पुढे केला. मी पिशवी दिली. कनकाअक्कानेच तसं सांगितलं होतं, आणि ते तिने का सांगितलं म्हणून मी तिच्यावरही चिडले होते.

त्या एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने पिशवी धरून उतरल्या. मी मागोमाग. खाली दारात शेषगिरीराव उभे होते, चेहऱ्यावर सुटकेचं हसू. "आण इकडे, अम्मा," म्हणून त्यांनी हात पुढे केला. अम्मा त्यांच्याकडे न बघता पुढे गेल्या. घराचं दार मागे टाकून, अंगण ओलांडून, फाटकाची कडी काढून अनवाणी रस्त्यावर.

"अम्मा, कुठे?" शेषगिरीराव ओरडले. त्या घरात मी ऐकलेला तो पहिला मोठा आवाज.

आणि तेवढ्यात स्टेशनच्या बाजूने कनकाअक्का येत होती. केसांत मोगरा, गळ्यात शाळेतल्या मुलींनी घातलेला हार. रस्त्याच्या मधोमध आईच्या हातात आपली पिशवी पाहून ती जागीच थांबली. एक सायकलवाला घंटी वाजवत दोघींना वळसा घालून गेला. कनकाअक्काने हळूच गळ्यातला हार काढला.

"शरि, अम्मा. बरं," ती म्हणाली. "नाही जात मी."

"तोंड बंद कर!" अम्मा म्हणाल्या. "परस्थान हातांत असतां 'नाही' म्हणतात कां?"

कनकाअक्काला काही कळेना. मलाही कळेना. अम्मांनी पिशवी छातीशी धरली आणि श्वासासाठी थांबत थांबत म्हणाल्या, "पर-स्थान. परकं ठिकाण. शब्द तरी नीट ऐकायचास. ह्या देशावरचीच्या घरी ठेविलीस, ही काय परकी? एक छप्पर, एक विहीर. माझ्या घरचं कुळीथ ही खाते, हिच्या घरची भाकरी मी खातें. हिच्याकडे ठेविलेलं परस्थान म्हणजे घरच्या घरांत पिशवी फिरविलीस. तूं निघालीच नाहीस."

मी तिथेच फाटकाला धरून उभी राहिले. इतकी वर्षं ही बाई मला 'देशावरची' म्हणून चिडवत होती.

समोरच्या ओट्यावर नारायणस्वामींची बायको विजयलक्ष्मी दिवा लावायला बाहेर आली होती. अम्मांनी रस्ता ओलांडला, पिशवी तिच्या ओंजळीत दिली आणि तमिळमध्ये सांगितलं, उद्या कनका स्वतः येईल तेव्हा दे. माझा मुलगा मागायला येईल, त्याला देऊ नको. तुझ्या नवऱ्याने म्हटलं तरी नको. विजयलक्ष्मीने फाटकातल्या शेषगिरीरावांकडे एकदा पाहिलं, मान डोलावली आणि पिशवी घेऊन आत गेली. त्या घरात तिच्या शब्दापुढे नारायणस्वामींचं काही चालत नसे, हे अम्मांना ठाऊक होतं. अम्मांनी पलीकडूनच मुलापुढे हात जोडले. शेषगिरीराव घरात निघून गेले.

कनकाअक्का आईच्या जवळ गेली. "अम्मा, तुला मी राहायला हवी होतें ना?"

"हवी होतीस की. अजून हवी. तीन आठवडे देवाकडे तेंच मागतें आहें, म्हणून तर बोललें नाहीं. बोललें असतें तर थांबली असतीस." अम्मांनी तिच्या बोटांवरचा खडू पदराने पुसला. "जायचं तर नीट निघ. जें माणूस निघालंच नाही, तें परत कुठून यावं?"

दुसऱ्या दिवशी कनकाअक्का समोरून पिशवी घेऊन टॅक्सीत बसली. माझा नवरा तिला सेंट्रलला पोचवायला गेला. शेषगिरीरावांनी ट्रंक उचलून टॅक्सीत ठेवली, एवढं त्यांना जमलं. अम्मा फाटकापर्यंतसुद्धा आल्या नाहीत. "ती कालच गेली," म्हणाल्या आणि तांदूळ निवडत बसल्या. पुढे कनकाअक्काने तिकडे नऊ वर्षं शिकवलं. दर तीन वर्षांनी यायची, कॉफीच्या बिया आणायची. पहिल्या खेपेला अम्मा होत्या, दुसऱ्या खेपेला नव्हत्या.

त्या शुक्रवारी टॅक्सी वळली आणि मी वर येऊन भांडी घासायला बसले, तर जिन्यावर पुन्हा तेच पाऊल. या वेळी मी धावले. अम्मांना धरून वर आणलं, स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"खाली शेषगिरी आहे," त्या म्हणाल्या. "आणि परक्याच्या दारांत जाऊन रडतां येत नाहीं."

मग पदर तोंडाला न लावता त्या मोठ्याने रडल्या.