सुकेळ्यांच्या बिअरमध्ये केळ्याचा इसेन्स

दिगूदादाच्या नावाची बिअर काल मी तोंडात घेतली आणि बेसिनमध्ये थुंकलो.

आज दादाला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दादा निर्मळ गावचा. आमच्या छोट्या ब्रुअरीत बिअर तोच बनवायचा. मी टँक धुतो, ग्लास भरतो.

त्याची काळी स्ट्राँग बिअर वर्षातून एकदाच व्हायची. काकी, म्हणजे त्याची आई, वाडीतली राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात. ती त्यात पडायची.

पहिला घोट कडू, भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखा. मग बिनसाखरेची कॉफी.
ग्लास हातात जरा कोमट झाला की मागून काकवी यायची, आणि अगदी शेवटी सुकेळं.

कोणी "एकदम चिल्ड दे" म्हटलं की दादा स्वतः काउंटरवर यायचा.
"बर्फगार केली तर जीभ बधिर होते, शेठ. मग काय पिणार, थंडी?"

मला म्हणायचा, "तू ग्लास पुसतोस की झिजवतोस रे?"

या वर्षी मालकांनी 'दिगूची आठवण' म्हणून तीच बिअर मेनूवर घेतली.

तीच म्हणे!

सुकेळी नाहीत. साध्या बिअरमध्ये रंग, साखरेचा पाक आणि केळ्याचा इसेन्स.
वास नेलपॉलिश रिमूव्हरचा. चव अशी, की खोकल्याच्या सिरपमध्ये कोणीतरी सिगारेट विझवलीय. दोनदा चूळ भरली तरी घशातून जात नाही.

मालकांना सांगितलं.
"काळी आहे, गोड आहे, केळ्याचा वास आहे. तुला अजून काय पाहिजे?"

दादाच्या फोटोला हार. हाराखाली पाटी: एकावर एक फ्री.

किळस आली मला.

आणि काल संध्याकाळच्या कार्यक्रमात पहिला ग्लास काकींना द्यायचा, त्याचा व्हिडिओ काढायचा, असं ठरलेलं. काकींनी दादाची बिअर कधीच चाखली नव्हती. आपला मुलगा हे असलं बनवायचा, असंच त्यांना जन्मभर वाटलं असतं.

मी मध्ये बोललो तर नोकरी जाणार, हे दिसत होतं.

"घ्या काकी, तुमच्या दिगूच्या हातची चव," मालक माईकवर म्हणाले.

मी मध्ये गेलो. आवाज फाटला माझा.
"काकी, नका पिऊ. ही दादाची नाही. यात तुमची सुकेळी नाहीत."

व्हिडिओवाला ओरडला, "अरे, याला फ्रेममधून बाहेर काढा!"

काकींनी ग्लास नाकाशी नेला.
"शी! माझ्या लेकाने हे कुणाला पाजलं नसतं."

"काकी, एक घोट तरी. लोक बघतायत," मालक म्हणाले.

"बघू दे की. आधी यावरून त्याचं नाव काढा."

ग्लास तसाच भरलेला टेबलावर ठेवून त्या निघाल्या.

आज सकाळी मेनूवरून दादाचं नाव गेलं.
ड्युटीच्या ग्रुपमधून माझंही.

चालेल.

दादा, ते घाणेरडं पाणी आता तुझ्या नावाने कोणी विकणार नाही.
शांत झोप. आमचा सगळ्यांचा तुला शेवटचा नमस्कार.