छातीची चिठ्ठी

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. दर वर्षी सुट्टीत पेडण्याला घरी आले की देवळात गाऱ्हाणं घालते, त्यातही हे एवढं मात्र गाळते — जसं काही देवीला ठाऊकच नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. धीट नाही मी. ते पुढे कळेलच.

मी नर्स आहे, जर्मनीतल्या एका लहान गावात, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. त्याआधी म्हापशाला एका खाजगी इस्पितळात होते आणि सुट्टीच्या वेळात जर्मनचा क्लास करायचे. पहिल्याच पुस्तकात दुखण्यांचा धडा होता. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, ताप आहे का. आम्हा नर्सांच्या बॅचला तोच सगळ्यात महत्त्वाचा, तोंडी परीक्षेत हमखास येणारा. आणि तोंडीचा सराव करायचा तर समोर माणूस लागतो. आईने हात झटकले, "माझी जीभ वळना गो." उरले बाबा.

बाबा खाणीच्या ट्रकावर ड्रायव्हर होते. खाणी बंद पडल्यावर तुयेच्या एका कारखान्यात वॉचमन झाले. चारला ड्यूटी सुटली की घरी येऊन चहात उंडे पाव बुडवून खायचे, आणि मग आमची शाळा भरायची. मी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या होत्या, नागरी अक्षरांत जर्मन वाक्यं लिहून. एकीवर डोकं, एकीवर पोट, मग पाठ, दात, छाती. बाबांनी एक उचलून वाचायची, मी नर्स होऊन विचारायचं, "झाइट वान?" — कधीपासून? चिठ्ठीवर त्याच्या उत्तरातली दिवसांची जागा मोकळी ठेवली होती. मनात येईल तो आकडा घालायचा.

खूप हसलो आम्ही, खरं सांगते. "आज खंय दुखूंक जाय माका?" असं विचारतच ते अंगणातून आत यायचे. तरुणपणी दशावतारात राक्षस केलेला माणूस तो! दातदुखीला गाल धरून घरभर नाचायचे, पोटदुखीला असे कण्हायचे की शेजारीण जनेलातून डोकावून जायची.

मग एक दिवस त्यांनी छातीची चिठ्ठी उचलली. वाचली. नाच नाही, कण्हणं नाही. मी विचारलं, कधीपासून? "द्राय टागन," म्हणाले. तीन दिवस. दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यातून शोधून शोधून पुन्हा तीच काढली. कधीपासून? "फीअर." चार. तिसऱ्या दिवशी परत तीच. "फ्युन्फ." पाच.

तुम्हाला कळलं ना? मग मला कळलं नसेल?

इथेच मी दर वेळी अडते. मनाला समजावते — तो खेळ होता, ते आकडे पाठ करत होते. खोटं आहे ते. "फ्युन्फ" म्हणताना वर पंखा चालू होता आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला. उंडा बशीत तसाच. असा माणूस इस्पितळाच्या दारात आला असता तर मी धावत व्हीलचेअर आणली असती. मला समजलं होतं. पूर्ण समजलं होतं.

आणि मी म्हटलं, "छाती जाली बाबा. आता पोट घेयात."

माझी बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. परीक्षा दुसऱ्या दिवशी पुण्याला, बस संध्याकाळची. त्यांना डॉक्टरकडे नेलं असतं तर बस गेली असती, परीक्षा गेली असती, बॅच मला सोडून पुढे गेली असती. पोटाची चिठ्ठी त्यांच्या हातात देईपर्यंत हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं होतं. त्यांनी घरच्या बोलीत सांगितलं असतं तर मला ऐकावं लागलं असतं. तेही ते जाणून असतील का? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी घेतली, पोट धरलं आणि कण्हून दाखवलं, मला हसवायला. मी हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याच्या गेटवर, खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. मी दिवसभराची परीक्षा देऊन बाहेर आले तर मोबाईलवर घरचे फोनच फोन. प्रश्न दुखण्यांवरच आला होता. मी पास झाले.

घरी आले तेव्हा जो तो मलाच विचारत होता — तू नर्स, तुला तरी काही बोलले होते का? मी म्हटलं, "ना. कोणाकूच कायच सांगूंक ना."

ते खोटं जाऊन आईच्या उरावर बसलं. "एके खाटीर न्हिदताली गो हांव, तरी माका कळूंक ना" — सात वर्षं ती हेच म्हणते आहे, एका खाटेवर निजूनही कळलं नाही. घरात कुणी नुसतं खोकलं तरी तिचा जीव वरखाली होतो. आणि माझी माफी मागते. माझी! तुझ्या बापाकडे माझं लक्ष नव्हतं म्हणून. मी काय करते? तिची पाठ थोपटते. आता विमान मोपाला उतरतं, तिथून घर पंधरा मिनिटांवर. दर वेळी वाटतं, या खेपेला सांगू. पंधरा मिनिटं पुरत नाहीत.

वॉर्डात कुणी म्हातारा छातीवर हात ठेवून तेच वाक्य बोलला की मी हातातलं टाकून धावते. सगळ्यांच्या आधी पोचते. तिथे माझं त्याबद्दल फार कौतुक होतं, आणि मी ते घेते.

अजून एक राहिलं. आई आल्यागेल्याला सांगते, "निमाण्या दिसाय बाप-लेकीचां जर्मन चललां." शेवटच्या दिवशीही. खरं आहे. सकाळी परीक्षेला आत जाण्याआधी, बाबा ड्यूटीला निघायच्या आत, मी घरी फोन केला होता. आईने तो बाबांना दिला. मी म्हटलं, "बाबा, आता आत वतां." मग ते म्हणाले, "झेक्स."

सहा.

मी म्हटलं, "शाबास, बाबा," आणि फोन बंद केला.