खाडीत सोडलेला बर्फ

फ्रिज दुरुस्त करायला आले की मिस्त्री आधी त्याच्या दाराला कान लावत. आपण तोंड उघडलं की हात वर करून गप्प बसवत आणि म्हणत, "थंडी कुटं जात नाय सर, वाट चुकते." असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण फ्रिज चालू व्हायचा हो!

घणसोली गावात खाडीच्या अंगाला त्यांचं घर, बापाने बांधलेलं. मोठ्या उधाणाला पाणी पार ओट्याला लागायचं. मिस्त्रींना काळजी म्हणाल तर तेवढीच.

एकदा आमचा फ्रिज खोलून बसले असताना टीव्हीवर बातमी लागली, दक्षिण ध्रुवाकडचे आइस शेल्फ पातळ होताहेत. मिस्त्रींनी मान वर केली. "शेल्फ? काचेचा का जाळीचा?"

मी भूगोल शिकवतो. हसू दाबून सांगितलं, की हा समुद्रावर तरंगणारा बर्फाचा जाड थर. मागचा, जमिनीवरचा बर्फ तो अडवून धरतो. खालून कोमट पाणी लागून झिजला, की मागचा बर्फ समुद्रात उतरतो आणि पाणी वाढतं.

"आमचे ओट्यावर येल?"

"येईल हळूहळू," मी म्हणालो.

झालं! शेल्फ पातळ झालाय ना, मग बर्फ भरायचा. पुढच्या पुनवेपासून ओहोटी लागली की मिस्त्री खाडीत बर्फ सोडू लागले, म्हणजे पाणीच तो पोचता करील. आळीतल्या बायकाही डबे भरभरून आणू लागल्या. एकीने कोळंबीसकट गोठलेला डबा ओतला तेव्हा मिस्त्री खवळले, तिकडे वास जाईल म्हणाले. फ्रिज दिवसभर फुल्लवर, घराघरांत नुसती भट्टी, आणि घामाने निथळत सगळी आळी दक्षिण ध्रुव वाचवतेय.

मी म्हटलं, "मिस्त्री, हा बर्फ वाशीच्या पुलापर्यंतसुद्धा टिकायचा नाही."

"नसंल टिकत. पानी तं एकच हाय ना?"

कपाळ!

यंदा उधाण ओटा ओलांडून घरात शिरलं. एकदा नाही, दोनदा. मग मिस्त्रींची नेरूळची मुलगी टेम्पो घेऊन आली. ती सातव्या मजल्यावर राहते. सामान चढलं. मिस्त्रींच्या बायकोने कुलूप पुढे केलं, ते त्यांनी घेतलं, पण दार सताड उघडंच ठेवलं.

"अहो, दार लावा की," मी म्हणालो.

"नको सर. त्याला यायचंच हाय. बापाचं दार मोडून कशाला यायला लावू?"

कुलूप खिशात घालून ते टेम्पोत बसले. टेम्पो वळला, आणि मी, भूगोलाचा मास्तर, त्यांच्या ओल्या ओट्यावर बसून रडलो.