आबांच्या पोटाची खबर

आबा गेले तेव्हा मी झरीच्या शिवारात तूर कापत होते. शेजारीण बांधावरून आली आणि हळूच म्हणाली, "घरी चल, आबा उठंनात." विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला, त्याच महिन्यातली ही गोष्ट. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मला नवलच वाटलं. आमची सगळी भीती इतकी वर्षं त्यांच्या पोटात होती.

आबा माझे थोरले दीर. गावात कपडे शिवायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. आमच्यात धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नाही. पदर ओढून मी भिंतीला सांगायची, "भाकरी झाली म्हणावं." आबाही भिंतीलाच म्हणायचे, "येतो म्हणावं." एकदा बेंबीजवळ काहीतरी धडधडायला लागलं. आबा उताणे पडून त्यावर शिवणकामाचा खडू ठेवायचे, तो जागच्या जागी उडायचा. त्यांना भीतीपेक्षा गंमतच जास्त वाटायची. परभणीच्या डॉक्टरांनी हात लावला आणि लगेच मुंबईला पाठवलं. पोटातली मोठी रक्तवाहिनी सायकलच्या ट्यूबसारखी फुगली होती, कधीही फुटली असती.

तिथं ऑपरेशन करून कापडाची नळी बसवली. शुद्धीवर आल्यावर आबांचा पहिला प्रश्न, "सुती का टेरिलीन?" डॉक्टरीणबाई हसल्या. "टेरिलीनच समजा." "मग आटणार न्हाई," आबा म्हणाले.

आता पोट चालू व्हायची वाट बघायची होती. दुसऱ्याच दिवशी आबांना संडास झाली, आणि शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ म्हणाले, "सुटलात की, पेढे काढा." पण आया भांडं घेऊन निघाली तेव्हा मला आत रक्त दिसलं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. आबा तिला हळूच म्हणत होते, "धाकटीला दावू नका." आमचे मालक खाली औषधाला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोट साफ झालं का?" मी पायथ्याशी उभी होते. आबा मान फिरवून म्हणाले, "न्हाई अजून."

खाट वॉर्डाच्या मधोमध, सांगायला जवळ भिंतही नव्हती... मी डॉक्टरीणबाईंकडे बघून म्हणाले, "झाली. दोनदा. रगत पडलं."

"धाकटे, तुला कुणी इचारलं?" आबा म्हणाले. ते माझ्याशी थेट बोललेलं पहिलं वाक्य.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी खालून दुर्बिणीची नळी घालून आतडं तपासलं. मोठ्या आतड्याकडे रक्त नेणारी एक बारीक फांदी त्या फुगलेल्या भागातूनच निघते, ती बंद करावी लागली होती. बहुतेकांचं आतडं दुसरीकडून रक्त घेतं, आबांच्या आतड्याला ते मिळालं नाही. एवढ्या मोठ्या नळीतून रक्त वाहत असताना शेजारचं आतडं उपाशी कसं मरतं, याचा मी अजून विचार करते. त्याच दिवशी पुन्हा पोट उघडलं, काळा पडलेला तुकडा काढला आणि आतड्याचं तोंड पोटावर आणून पिशवी लावली.

घरी आल्यावर आबांनी त्या पिशवीला स्वतः कापडी खोळी शिवल्या. आणि रोज सकाळी उंबऱ्यात बसून मला सांगायला लागले, "धाकटे, आज पातळ हाय. कालचं वांगं बाधलं वाटतं." मी विचारायची, "रंग कसा हाय?" एकदा चुलत सासू म्हणाल्या, "भावजयीला सांगायच्या का ह्या गोष्टी?" आबा शांतपणे म्हणाले, "तिनं सांगितलं म्हणून बसलोय इथं, काकू. न्हाईतर तुमी माझं तेरावं जेवून गेला असता."

आबा गेल्यापासून सकाळी चहा होतो, पण उंबरा रिकामा असतो. परवा आमचे मालक कप हातात घेऊन उंबऱ्यातच थांबले. मग अंगणाकडे बघत म्हणाले, "दोन दिवस झाले, पोट साफ होईना." इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी चूल सोडून त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "दुखतं का कुठं?"